मोहाखाली आवाज द्यावा

आमच्याकडे मोह वेचायला जाताना टोपलीच्या आधी गळा तयार ठेवावा लागतो. माझं माहेर तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीच्या पुढे जंगलाला टेकलेलं छोटं गाव. घरामागे धानाच्या बांध्या, बांध्यांच्या टोकाला बोडी, म्हणजे पावसाचं पाणी अडवलेलं लहान तळं, आणि बोडीच्या पाळीपलीकडे, तिच्या मातीच्या बांधापलीकडे, नाल्यापर्यंत आमची मोहाची तीन झाडं. होळीच्या आगेमागे ती फुलं टाकायला लागतात. रात्रभर टपटप चालू असते आणि उजाडताना झाडाखाली पिवळट सडा पडलेला असतो. त्या सड्यावर हक्क सांगणारे आम्ही एकटेच नाही. अस्वलालाही मोह आवडतो, आणि त्याला सातबारा दाखवून उपयोग नसतो.

म्हणून आई पहाटे पाळीवर उभी राहायची, पदर कमरेला खोचायची, खाकरायची आणि नाल्याच्या दिशेने हाक द्यायची. "आलो वो आमी. खाल्लं असन पोटभर त सरका आता. लेकरं असतीन त घेऊन जा." आवाज असा की पलीकडच्या टोलीतली, चार घरांच्या वस्तीतली, कुत्री जागी व्हायची. लहानपणी मला वाटायचं, नाल्यात तिची कुणी मैत्रीण राहते. हाक दिल्यावर आम्ही थोडं थांबायचो. कधी वाळल्या पानांत खसफस ऐकू यायची, लांब जाणारी. कधी काहीच नाही. मग वेचायला लागायचं, तेही गप्प राहून नाही. कुणाच्या पोरीला पाहायला कोण आलं, कुणाची गाय आटली, कोणत्या घरात सासू-सुनेचं वाजलं, सगळं मोहाखाली मोठ्यानं बोललं जायचं. आमच्या गावात कुठलंच गुपित टिकत नाही, त्याचं मूळ कारण अस्वल आहे असं माझं मत आहे.

या आवाजामागचं कारण साधं आहे. अस्वलाला लांबचं नीट दिसत नाही, आणि एकदा खायला लागलं की ऐकण्याकडेही त्याचं लक्ष नसतं. माणूस येतोय हे लांबूनच कळलं तर बहुतेक वेळा ते आपणहून निघून जातं. पण खाता खाता एकदम समोर माणूस उभा दिसला की ते घाबरतं, आणि घाबरलेलं अस्वल अंगावर येतं. पिल्लं सोबत असली तर विचारायलाच नको. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकांचा अर्धा गाल खाली ओढल्यासारखा होता. शेजाऱ्याच्या झाडाची फुलं शेजारी उठायच्या आत वेचून घ्यावी म्हणून ते एकदा चूप गेले होते. ते स्वतःच सांगायचे, "तिचा काई दोष नाई. मी चोरावानी गेलो, तिनं चोर समजूनच धरलं." तो गाल पाहून आम्हा पोरांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

आईचा हा आवाज एका माणसासमोर मात्र बसायचा. माझ्या नवऱ्यासमोर.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. आईनं या ग्रहाची शांत लग्नाच्या दिवसापासून मांडली होती. तो घरात आला की तिचा पदर कपाळापर्यंत यायचा, आवाज कुजबुजीवर यायचा आणि बोलणं माझ्यामार्फत सुरू व्हायचं. तो समोर पाटावर बसलेला असायचा आणि आई मला म्हणायची, "त्याइले इचार, भात वाढू का." मी विचारायचे, "भात वाढू का?" तो म्हणायचा, "थोडा." मी आईकडे वळून सांगायचे, "थोडा." तिघांचेही कान शाबूत असताना हा कारभार वर्षानुवर्षं चालला. माझा स्वभाव तापट, मी चिडायचे. आई म्हणायची, "असू दे. जवाई आहे ते. त्याइच्यासमोर तोंड वर करून बोलू का मी?"

नवरा माझा फोटोग्राफर. मोहाडीत आमचा स्टुडिओ आहे. तहसिलीत कागद करायला आलेली माणसं पासपोर्ट फोटो काढायला येतात, बाजाराच्या दिवशी जास्त. बाकी सगळं घर लग्नांवर चालतं. तो चांगला फोटो काढतोच, पण त्याची खरी कला वेगळी आहे. मंडपात बँड वाजत असतो, पोरं नाचत असतात, नवरीची आत्या रुसलेली असते आणि सगळ्या खानदानाचा एक फोटो हवा असतो. अशा वेळी हा खुर्चीवर चढतो आणि न ओरडता, न चिडता बोलायला लागतो. "आजी, इकडे पाहा. मामाजी, थोडं मागं. अजून थोडं मागं. हां, अशेच." त्या आवाजात काय आहे कोण जाणे, सगळी माणसं निमूटपणे मागं सरकतात. रुसलेली आत्यासुद्धा. घरात त्यानं हा आवाज माझ्यावर एकदाच वापरून पाहिला आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

तर या माणसाला जंगलाचं वेड लागलं. फोनवर फोटोग्राफर लोकांचा एक ग्रुप होता, त्यात रोज कुणाचा तरी वाघ, कुणाचं तरी हरीण यायचं. त्यात कुणीतरी पिल्लं पाठीवर घेतलेल्या अस्वलीचा फोटो टाकला आणि याची झोप उडाली. नवरानवरीचे फोटो काढणाऱ्या हातांना आता अस्वल हवं झालं. लांबची लेन्स आली. स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर एक मोठी चौकट रिकामी टांगली गेली. "यात माझं अस्वल लागणार," तो म्हणाला. मी म्हटलं, "नवरीले हसा थोडं म्हनता, अस्वलीले काय म्हनसान?" तो हसला, पण चौकट काढली नाही. फोटो काढल्यानं कुणाचं काय जातं, हे त्याचं पालुपद होतं. वाघ मारत नाही, झाड तोडत नाही, नुसता उजेड पकडतो, असं तो म्हणायचा. मला उत्तर सुचायचं नाही आणि त्याचाही राग यायचा.

त्या वर्षी भावाचा फोन आला, त्यात आईच्या तब्येतीच्या आणि गाय व्याल्याच्या बातमीनंतर शेवटी एक वाक्य होतं. आपल्या मोहाखाली एक अस्वली येऊन राहिली, दोन लेकरं आहेत पाठीवर. मी हे वाक्य नवऱ्याला सांगितलं, हे माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण फोन स्पीकरवर होता. हंगामातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या लग्नाच्या कामामधल्या फटीत त्यानं स्टुडिओ बंद केला आणि आम्ही माझ्या माहेरी गेलो. मी दर वर्षी मोह वेचायला जातेच. या वेळी माझ्या पिशवीशेजारी त्याच्या कॅमेऱ्याची तिपाई होती.

संध्याकाळी जेवताना तो भावाला समजावत बसला. उद्या पहाटे तो पाळीआड बसणार. पाळीपासून पहिलं झाड जवळ, नाल्याकाठचं तिसरं झाड लांब, म्हणजे लेन्सला अगदी बेताचं. वारा नाल्याकडून येतो, म्हणून अस्वलीला वास जाणार नाही. फक्त एक अडचण होती. "उद्या एक दिवस हाक नाही दिली," तो म्हणाला, "आणि वेचताना बोलणं नाही केलं, तर ती नक्की येइन. रोजच्यासारखं कुणी वेचताना दिसलं की तिलेही सवयीचं वाटन."

भाऊ खाली मान घालून भात कालवत राहिला. त्याला ते पटलं नव्हतं, हे त्याच्या कालवण्यावरून मला दिसत होतं. पण बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? आणि आतून, चुलीकडून, आईचा बारीक आवाज आला. "त्याइले सांग, आमी चूप राहू."

मी ताट तसंच ठेवून आत गेले. "काहून वो माय? काकाचा गाल विसरली का तू?"

"एका रोजाची त गोष्ट आहे."

"अस्वलीले काय माहीत एका रोजाची आहे म्हणून?"

"हळू बोल," आई म्हणाली. "आजवर त्याइनं या घरात काई मागतलं नाई. कपडा नाई, अंगठी नाई. पैल्यांदा मागतलं, तेही नुसतं चूप राहाले. तेवढंही नाई देऊ का?"

 तिच्या हिशोबाने ते बरोबरच होतं. जंगलाची एक रीत होती आणि जावयाची एक रीत होती, आणि दोन्ही समोरासमोर आल्यावर आईनं जावयाची मोठी धरली. अशी चूक दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. नवऱ्यालाही मी झोपताना दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "मी आहे ना तिथं." कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेला माणूस कुठे असतो हे मला चांगलं ठाऊक होतं, पण लग्नघराच्या थकव्यानं तो लगेच घोरायला लागला.

पहाटे भाऊ दूध घालायला निघून गेला. मी आईसोबत जायला निघाले तर तिनं मलाच थांबवलं. "तू त्याइच्याजवळ बस. तुह्या तोंडाचा काई भरोसा नाई." तिचं म्हणणं खरं होतं. मी पाळीआड नवऱ्याशेजारी बसले. समोर आई टोपली घेऊन उतरली. तिनं हाक दिली नाही. आणि मला तेव्हाच काहीतरी विचित्र दिसत होतं, ते काय हे कळायला थोडा वेळ लागला. तिचा पदर कमरेला नव्हता, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला होता. जावई बघत होता ना. आयुष्यभर उघड्या कानांनी, चारी बाजूंना नजर ठेवून मोह वेचणारी बाई त्या दिवशी घोड्याला झापड लावावी तशी पदराआडून फक्त पायाखालचं बघत होती.

तिनं पहिल्या झाडाखालचं वेचलं. इतकी शांतता मी त्या झाडांखाली कधी ऐकली नव्हती. फूल पडलं तरी टप्प असं ऐकू येत होतं. ऊन यायला अजून वेळ होता, पण दिसत सगळं होतं. आणि नाल्याच्या काठावर ती आली.

मी खोटं बोलणार नाही. ती सुंदर होती. काळी, विस्कटलेली, आपल्याच नादात झुलत चालणारी, आणि तिच्या पाठीवर केसांत मुठी रोवून दोन पिल्लं. इतक्या वर्षांत मी अस्वल असं, एवढं निवांत, कधीच पाहिलं नव्हतं, कारण आमच्या हाकेनं ती नेहमी आधीच गेलेली असायची. तिसऱ्या झाडाखाली येऊन ती फुलं ओढायला लागली. सुपानं पाखडल्यासारखा तिच्या तोंडाचा सूं-सूं आवाज पाळीपर्यंत येत होता. पिल्लं उतरली, एकमेकांवर पडली. शेजारी नवरा फोटोमागून फोटो घेत होता. त्याचा डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर. एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

आई दुसऱ्या झाडाखाली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या मध्ये रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं, दाट झुडूप होतं. अलीकडे आई, पलीकडे ती. दोघी वाकलेल्या, दोघी त्याच फुलांच्या मागे, दोघींचीही एकमेकींना खबर नाही. आणि आई वेचत वेचत पुढे सरकत होती, झुडपाकडे.

माझं तोंडाळ म्हणून सासर-माहेरी दोन्हीकडे नाव आहे. त्या क्षणी माझ्या घशातून आवाज निघाला नाही. मी प्रयत्न केला. तोंड उघडलं, नुसती हवा आली. मला काकांचा गाल दिसत होता आणि त्या गालाच्या जागी आईचा चेहरा दिसत होता. मी नवऱ्याचा दंड एवढ्या जोरात धरला की नंतर कित्येक दिवस तिथे माझ्या नखांचे वण होते.

त्यानं डोळा काढला. माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. कॅमेऱ्याच्या चौकटीत त्याला फक्त अस्वली दिसत होती. बाहेर आल्यावर त्याला आई दिसली.

तो उभा राहिला. तिपाईला त्याचा गुडघा लागला आणि लेन्ससकट सगळं पाळीवरून खाली बोडीच्या चिखलात गेलं. त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई," तो म्हणाला.

ओरडला नाही. तो त्याचा मंडपातला आवाज होता, खुर्चीवर चढून काढलेला, सगळ्यांना ऐकू जाणारा आणि कुणालाही न दचकवणारा. "आई, आहा तिथंच उभ्या राहा. हां. आता मागं या. थोडं मागं. अजून थोडं मागं. खाली पाहू नका, जमीन साफ आहे. जरा डाव्या हातानं. हां, अशाच."

आई सरळ उभी राहिली. इतक्या वर्षांत जावयानं तिला पहिल्यांदा नावानं, म्हणजे आई म्हणून, हाक मारली होती. त्या आश्चर्यानंच ती थबकली असेल. आणि मग ती मागं यायला लागली, लग्नातल्या सगळ्या आज्या-मावश्या येतात तशीच, निमूटपणे. झुडपापलीकडचा सूं-सूं आवाज थांबला. अस्वली मागच्या पायांवर उभी झाली. झुडपावर तिचं डोकं आलं, छातीवरचा पांढरा पट्टा आला. ती नाक वर करून हुंगत होती. आईनं तिला पाहिलं. टोपली हातातून सुटली, फुलं सांडली.

"तिकडे लक्ष नको," नवरा तसाच बोलत राहिला, त्याच चालीत. "पळू नका. माह्या आवाजावर या. थोडं मागं. अजून थोडं मागं. सगळं बराबर आहे."  आवाज जराही हलला नाही.

आई बरीच मागं आली, मध्ये मोकळी जागा पडली, तेव्हा तिचा पदर डोक्यावरून घसरला. तो तिनं सावरला नाही. तिनं खाकरलं. आणि तिचा खरा आवाज आला. "सरक वो बाई. सरक. लेकरं घेऊन जाय. माहीच चूक झाली."

अस्वलीनं एकदा जोरात फुसकारलं. मग ती चार पायांवर आली, पिल्लं धडपडत तिच्या पाठीवर चढली, एक घसरलं, पुन्हा चढलं, आणि ती वळून नाल्यात उतरली. पानांची खसफस लांब लांब गेली. मग मला रडू फुटलं, आणि रडता रडता आवाजही परत आला, तो मी कुणावर कसा वापरला हे सांगत नाही.

आई पाळीवर येऊन बसली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पानी द्या जी थोडं." थेट त्याला. तो बाटली घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. झाकण उघडून द्यायचंही त्याला सुचलं नाही, ते आईनंच उघडलं.

"मी तुमाले चूप राहा म्हनालेच नाई पायजे होतं," तो म्हणाला.

"मी नाई म्हनाले पायजे होतं," आई म्हणाली. "तुमाले काय माहीत? तुमी मोहाडीचे. मले माहीत होतं आणि मी चूप राहिली. जवाईचा मान ठेवून मेली असती त तुमालेच बोल लागला असता." मग तिनं विचारलं, "तुमची ते मशीन पाण्यात पडली ना?"

मशीन म्हणजे कॅमेरा दुपारी भावानं चिखलातून काढला. लेन्स गेली ती गेलीच. पण आतलं कार्ड सुकवल्यावर चाललं. संध्याकाळी तो माझ्या मोबाईलवर ते फोटो बघत बसला. खरंच, त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो होते. एका फोटोत अस्वली तोंड वर करून, एक पिल्लू तिच्या कानाशी. आणि त्याच फोटोच्या कोपऱ्यात, झुडपाअलीकडे, धूसर, वाकलेली एक पाठ. हिरवं लुगडं. तो फोटो काढताना त्याला ती पाठ दिसली नव्हती. तो ती पाठच बघत बसला होता, बराच वेळ. "मी म्हनायचो ना, फोटो काढल्यानं कुणाचं काय जाते," तो म्हणाला. "हे पाहा." मला त्याला अजून बोलायचं होतं, सगळं तोंडावर आलं होतं. पण त्याचा चेहरा पाहून मी त्याच्यासाठी चहा ठेवायला उठले.

आई मात्र बाहेर आली आणि सरळ त्याच्या शेजारी बाजेवर बसली. हेही पहिल्यांदाच. तिनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला. "वा वो," ती म्हणाली. "किती चांगली लेकरं आहेत. नाक पाहा कसं आहे त्याचं." जन्मभर आई अस्वलीशी बोलत आली, पण एवढ्या निवांतपणे तिनं तिला कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, "पुसून टाकू का?" आई म्हणाली, "कायले? घरात राहू द्या. गावभर फिरवू नका. कुठची आहे म्हनून इचारतीन, आन् उद्या सगळे आमच्या मोहाखाली येतीन, तिलेही तरास आन् आमालेही."

ते त्यानं पाळलं. ग्रुपवर एकही फोटो टाकला नाही. याच्या हाती अस्वली लागली आणि यानं ती लपवली, हे मित्रांना कळलं तेव्हा त्यांनी त्याला वेड्यात काढलं. तो म्हणाला, "असू दे."

पण अशा गोष्टी लपून राहत नाहीत. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला बाहेरची दोन माणसं मोठे कॅमेरे घेऊन भावाकडे आली. वेचलेल्या फुलांचा एक ढीग झाडाखाली ठेवाल का, ती रोज तिथंच येईल, असं म्हणाली. योगायोगानं मी आणि माझा नवरा तेव्हा तिथेच होतो. भावानं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा चिडणार. पण त्यानं त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि ढिगाचं काय होतं ते सांगितलं. आज तुमच्या ढिगावर आलेली अस्वली उद्या अंगणातल्या वाळत घातलेल्या मोहावर येणार, आणि अंगणात कोण असतं ते पाहून घ्या. मग त्यानं आपला चिखलात पडलेला कॅमेरा आणि ती वाकलेली पाठ, दोन्हींची गोष्ट सांगितली. आपलाच मूर्खपणा एवढा रंगवून सांगणारा माणूस मी पाहिला नाही. शेवटी म्हणाला, "पाळीवर बसा. बाया आवाज देतीन, बोलतीन, हसतीन. तरी आली तर काढा फोटो. नाही आली तर मोहाचा काढा." एक जण पाय आपटत गेला. दुसरा थांबला, दिवसभर पाळीवर बसला आणि संध्याकाळी बोडीवरच्या बगळ्यांचे फोटो दाखवत होता. चांगले होते. आता आमच्या गावात कॅमेरावाले आले की भाऊ त्यांना पाळ दाखवतो, आणि बायका मुद्दाम जास्त मोठ्यानं बोलतात. गुपितं तर आधीच टिकत नव्हती, आता ती बाहेरगावच्या लोकांनाही कळायला लागली आहेत.

स्टुडिओतली ती चौकट रिकामी नाही. तिच्यात आईचा फोटो आहे. पाळीवर उभी, पदर कमरेला खोचलेला, मान ताणलेली, तोंड चांगलं दाढा दिसेपर्यंत उघडलेलं. पासपोर्ट फोटो काढायला आलेली माणसं विचारतात, ही बाई कुणाशी भांडते आहे? नवरा म्हणतो, "नातेवाईक आहे, बोलून राहिली." कुणाची नातेवाईक ते सांगत नाही.

हा फोटो त्यानं त्याच मोसमात काढला, त्या दोन माणसांनंतर थोड्याच दिवसांनी. आम्ही तिघं पहाटे पाळीवर उभे होतो. त्याच्या गळ्यात साधा कॅमेरा होता, लग्नातला. आईनं हाक दिली, त्यानं ती टिपली, आणि तिनं लगेच त्याच्याकडे वळून पाहिलं. आता ती त्याच्याशी भात वाढण्यापासून ते भांडणापर्यंत सगळं थेट बोलते, माझं काम संपलं आहे.

"जवाईबापू," ती म्हणाली, "आज तुमीही द्या आवाज."

"मी काय म्हनू?"

"काईही म्हना. माणूस आहो आमी, एवढं तिले समजलं पायजे."

तो लाजला. इकडेतिकडे पाहिलं, खाकरलं. मग नाल्याकडे तोंड करून, मंडपातल्या त्याच आवाजात, त्याला जे एक म्हणता येतं तेच म्हणाला.

"थोडं मागं. अजून थोडं मागं."

आम्ही तिघं ऐकत उभे राहिलो. नाल्याकाठी वाळल्या पानांत खसफस झाली आणि हळूहळू लांब गेली. आईनं मान डोलावली, टोपली उचलली आणि बोलत बोलत झाडाखाली उतरली. तिच्या मागोमाग तोही उतरला, आणि शेजारच्या घरात काल काय झालं ते मोठ्यानं विचारू लागला.